कडा आणि साणं

आमच्या साइटवरचा दवाखाना म्हणजे एक लोखंडी कंटेनर. आत टेबल, वजनकाटा, रंग ओळखायचं ठिपक्यांचं पुस्तक आणि जमिनीवर चिकटवलेली पिवळ्या टेपची सरळ रेघ. त्या रेघेवरून टाचेला अंगठा टेकवत चालत जायचं, वळून परत यायचं, मग पाय जुळवून, हात समोर धरून, डोळे मिटून उभं राहायचं. माणूस डोलला की डॉक्टर कागदावर काहीतरी खरडतात. उंचीवर काम करायचा पास हवा असेल तर सुरुवात इथून होते.

त्या दिवशी माझ्यापुढं रांगेत सोळा-सतरा जण होते. बहुतेक शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे बांधणारे, दोन-तीन प्लास्टरचे. बाई मी एकटीच. प्रत्येकाच्या हातात छापील फॉर्म. फिट येते का, चक्कर येते का, बीपीची गोळी चालू आहे का, रात्री दारू प्यायलात का, आणि शेवटी, उंचीची भीती वाटते का. माझा पेन थांबलेला बघून मागं उभा असलेला विशीतला पोरगा, बंगालातल्या मालद्याकडचा, हळूच म्हणाला, "मॅडम, सबमें नहीं लिखने का. हाँ लिखा तो नीचे माल ढोना पड़ेगा." त्याचं चूक नव्हतं. आमच्याकडं वर चढणाऱ्याची हजेरी वेगळी आणि खाली माल वाहणाऱ्याची वेगळी. भीतीचा रकाना खरा भरणं त्याला परवडणारं नव्हतं.

मी 'हो' लिहिलं. त्यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. नापास केलं तर वर जावं लागणार नाही, एवढाच हिशेब होता.

बीपी भरलं १५२/९६. आमच्या इथं १४०/९० च्या वर गेलं की त्या दिवशी चढू देत नाहीत. मला आनंदच झाला. पण डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांनी या, चहा न घेता. तोल चांगला आहे तुमचा. भीतीचं काय ते ट्रेनिंगला बघतील." दोन दिवसांनी बीपी १३४ वर आलं आणि माझा नाइलाज झाला.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगची. नऊ वर्षं प्लॅनिंग आणि बिलिंगच्या टेबलावर काढली. बाविसाव्या मजल्याच्या स्लॅबला किती टन सळई लागते ते मला तोंडपाठ, पण चौथ्या मजल्याच्या वर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टेबलावरच्या माणसाला कोण विचारतंय? मग क्वालिटीत जागा निघाली. पगार बरा होता, आणि एक्सेल बघून बघून डोळेही विटले होते. क्वालिटीवाल्याला स्लॅब भरायच्या आधी स्वतः वर जाऊन सगळं बघून सही करावी लागते. सळईखालचे कव्हर ब्लॉक आणि चेअर, पाइप जायला ठेवलेल्या स्लीव्ह, कडेचं शटरिंग. फोटोवर सही चालत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी हो म्हटलं.

गंमत म्हणजे लहानपणी मला ही भीती नव्हती. आजीचं घर मंगळवेढ्याकडं, माळवदाचं. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं वर झोपायचो. कठडा नाही, काही नाही. माती थापलेलं सपाट माळवद आणि कडेला चिमणीनं ओलांडावी एवढी उंच वरवंडी. आम्ही तिथं शिवाशिवी खेळायचो. आजी खालून ओरडायची ती कडेवरून नव्हे. माळवदाच्या मधोमध उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी एक चौकोनी भोक असायचं, त्याला साणं म्हणतात. रात्री आणि पावसात त्यावर जुनी पाटी पालथी घातलेली असे. आजीचं एकच पालुपद: "कडंला खुशाल जावा, पर त्या साण्यापशी पाय टाकू नगासा." आम्ही हसायचो. कडा केवढी मोठी, साणं केवढंसं!

भीती कधी आली ते सांगता येतं. कॉलेजात असताना नाशिकजवळच्या हरिहरला गेलो होतो. तिथल्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या आणि हात घालायच्या खोबण्या सगळ्यांनी फोटोत बघितलेल्या असतात. चढताना मी छान चढले, कारण नाकासमोर दगड होता. उतरताना पायरी शोधायला खाली बघितलं आणि पायरीऐवजी थेट दरी दिसली. गुडघे माझे राहिले नाहीत. मागं साठ-सत्तर लोकांचा खोळंबा, आणि मी खोबणीत बोटं रुतवून बसलेली. एका गाववाल्या मामांनी माझा एकेक पाय हातानं धरून पायरीवर ठेवला, अशी उतरले. त्यानंतर गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढतानासुद्धा मी भिंतीला पाठ लावायची.

ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं. शिकवणारे दादा गिर्यारोहणातले. सह्याद्रीतले कडे उतरता उतरता दोराच्या कामात आलेले; आपल्याकडं या धंद्यात असे बरेच आहेत. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी एक जुना कमरपट्टा टेबलावर ठेवला. "हा माणसाला पडू देत नाही, पण मोडतो," म्हणाले. पडताना सगळा झटका कमरेवर आणि पोटावर येतो, म्हणून तो गेला आणि मांड्या, खांदे, छाती धरणारा पूर्ण बेल्ट आला. हार्नेस हा शब्द फक्त स्टोअरच्या पावतीवर. साइटवर तो बेल्टच.

बेल्ट घालणं वाटतं तेवढं सोपं नाही. मांडीच्या पट्ट्यातून सपाट हात जायला हवा, मूठ जाता कामा नये. पाठीवरची कडी खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे बसायला हवी. ती कमरेकडं सरकली तर पडल्यावर माणूस पालथा लोंबतो. माझा बेल्ट सगळीकडून आवळला तरी कडी पाठीच्या निम्म्यावर येत होती. स्टोअरमध्ये सगळे पुरुषांच्या मापाचे. लहान माप मागवून यायला आठ दिवस लागले. ही तक्रार मी तेव्हाही लेखी दिली होती. बाई साइटवर असणार हे माप काढणाऱ्यांच्या डोक्यातच नसतं.

मग दोरी. दोन दोऱ्या, दोन हुक. एक हुक लागल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, म्हणजे कुठल्याही क्षणी तुम्ही कशाला तरी बांधलेले असता. दोरीच्या मुळाशी एक पाकीट असतं, त्यात पट्टी घडी घालून शिवलेली. माणूस पडला की ती शिवण टराटरा उसवत जाते आणि झटका खाते. अंगावर येणारा ओढा ६ किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण सहाशे किलोच्या आत राहावा, असं त्याचं गणित. एकदा उसवलेलं पाकीट परत वापरायचं नाही. दादांनी एक उसवलेलं हातात फिरवायला दिलं. त्याला धुळीचा वास येत होता. ते कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी फळ्यावर जे मांडलं त्यानं माझ्यातली बिलिंगवाली जागी झाली. दोरी २ मीटर. पाकीट पूर्ण उसवलं तर आणखी १.७५ मीटर. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. शिवाय एक मीटर शिल्लक. बेरीज सव्वासहा. म्हणजे हुक जिथं लावलाय त्याच्या खाली सव्वासहा मीटर मोकळं असेल तरच ही दोरी कामाची. आपला मजला ३ मीटरचा. पहिल्या मजल्यावर उभं राहून पायाशी हुक मारला, तर दोरी ताणायच्या आत पाय जमिनीला लागलेले असतात. तिथं ही दोरी निव्वळ शोभेची. म्हणून हुक शक्य तेवढा डोक्याच्या वर मारायचा, नाहीतर कडेला कठडा लावायचा, नाहीतर तिथं जायचंच नाही. मी वहीत बेरीज परत करून बघितली. बाविसाव्या मजल्याच्या भीतीनं आलेल्या मला पहिल्या मजल्याचं हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

जाळ्यांचं सांगताना त्यांनी गोल्डन गेट पुलाची गोष्ट सांगितली. सॅन फ्रान्सिस्कोचा तो पूल बांधताना खाली जाळं लावलं होतं आणि त्यानं १९ जण वाचवले. मग १९३७ च्या फेब्रुवारीत एक मचाणच तुटून जाळ्यावर कोसळलं, जाळं फाटलं आणि १० जण गेले. "जाळं माणसासाठी असतं, मचाणासाठी नाही," एवढं बोलून ते पुढच्या मुद्द्यावर गेले.

दुपारी आम्हाला बेल्टावर टांगलं. तीन मिनिटं, जमिनीपासून हातभर वर. पहिलं मिनिट झोपाळ्यासारखं वाटलं. दुसऱ्या मिनिटाला मांड्यांत कळ आली. तिसऱ्याला पायांत मुंग्या आणि तोंडाला कोरड. न हलता लोंबलं की पायातलं रक्त वर चढत नाही, माणूस बेशुद्ध पडतो, आणि बेशुद्ध माणूस तसाच टांगलेला राहिला तर काही मिनिटांत जिवावर बेततं. म्हणजे दोरीनं वाचवलेला माणूस दोरीवरच जाऊ शकतो. त्याला खाली कोण, कशानं, किती वेळात उतरवणार हे तो वर चढायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. "फायर ब्रिगेड येईल" हे त्याचं उत्तर नव्हे, असं दादा दोनदा म्हणाले. अर्ध्या साइटवर तेच उत्तर असतं.

दुसऱ्या दिवशी मचाण. पाइपांचं उभं केलेलं, सहा मीटरवर एक फूटभर रुंद पट्टी, ती चालून पलीकडं जायचं, तिथून शिडीनं खाली. कंबरेला नाही, पाठीला दोर. खाली जाळं. बरोबरची पोरं गप्पा मारत गेली आणि उतरली. मी शिडीच्या नवव्या की दहाव्या दांडीवर थांबले. थांबले म्हणजे हात सुटेनात. नखं पांढरी पडली होती, आणि मला आठवतंय, दांडीवर सिमेंटचा वाळलेला एक थेंब होता, त्याच्याकडं मी बघत होते.

दादा शेजारच्या पाइपावरून चढून माझ्या बरोबरीला आले. धीर-बिर दिला नाही. म्हणाले, "ताई, आत्ता कुठं बघताय?"

"या सिमेंटकडं."

"मग आत्ता डोलताय का?"

नव्हते डोलत. "आता समोरच्या बिल्डिंगकडं बघा." बघितलं, आणि लगेच सगळं मचाण डावीकडं कललं. म्हणजे मला तसं वाटलं. "परत सिमेंट." परत स्थिर.

जमिनीवर उभं असताना आपण सतत जरा-जरा डोलत असतो. डोळ्यांसमोरच्या जवळच्या वस्तू त्याबरोबर हलल्यासारख्या दिसतात आणि मेंदू तोल सावरून घेतो. वर गेलं की समोर जवळचं काही उरतच नाही. लांबची बिल्डिंग आपण बोटभर हललो तरी हललेली दिसत नाही, त्यामुळं डोळे सांगतात 'तू स्थिर आहेस', कान आणि तळपाय सांगतात 'नाहीस', आणि या भांडणात शरीर आणखी जास्त डोलतं. हे पुढं मी वाचलं. जर्मनीतल्या एका पाहणीत २८ टक्के मोठ्या माणसांनी उंचीचा असा त्रास कधी ना कधी झाल्याचं सांगितलंय. त्या दिवशी मात्र मला एवढंच उमगलं की हे माझ्या भित्रेपणाचं नाही, डोळ्यांचं आहे, आणि त्यावर उपाय वीतभर अंतरावर आहे. जवळचं काहीतरी बघायचं. बोट तरी कशाला टेकवून ठेवायचं. पकडायचंही नाही, नुसतं टेकवायचं. ढगांकडं चुकूनही बघायचं नाही. ढग सरकले की इमारत पडतेय असं वाटतं.

त्या दिवशी मी पट्टीपर्यंत पोचले, पलीकडं गेले नाही. पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत दादा मचाणापाशी थांबायचे. एक दिवस नुसतं वर बसून डबा खाल्ला. चटणी-भाकरी, सहा मीटरवर. भीती पहिल्या पाच मिनिटांत कळस गाठते आणि मग, पळून गेलं नाही तर, आपोआप कंटाळते, हे तिथं कळलं. पळून गेलं तर ती जिंकते आणि पुढच्या वेळी दुप्पट होऊन येते. पाचव्या दिवशी पट्टी ओलांडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे जेवत होते. हेल्मेटवर हिरवं स्टिकर लागलं, गळ्यात कार्ड आलं.

बाविसावा मजला त्यानंतर आठवड्यानं. होइस्ट, म्हणजे साइटवरची लिफ्ट, जाळीचा असतो. मजले सटासट खाली जाताना दिसतात. माझे हात इतके ओले झाले होते की हातमोजे काढून पिळावेत. वर पोचले तर वारा. खाली पान हलत नव्हतं आणि वर ड्रॉइंगचा कागद हातात धरवत नव्हता. कडेचं शटरिंग बघायला बाहेरच्या ब्रॅकेटवर उतरायचं होतं. अडीच फूट रुंदी, बाहेरून कठडा आणि जाळी, आतून स्लॅब.

मला तिथं जे झालं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. घसरून पडेन असं वाटलंच नाही. आपणच उडी मारली तर? असं वाटलं. मारायची होती असं मुळीच नाही, घरी लेकीचा वाढदिवस होता, केक मीच आणायचा होता. पण तो विचार आला आणि मी स्वतःलाच घाबरले. मरायचं मनातही नसलेल्या कितीतरी लोकांना उंचावर असं होतं, हे नंतर वाचलं तेव्हा हायसं वाटलं. तोवर महिनाभर मी ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

हुक मारायला गेले तर लाइफलाइनचा, म्हणजे हुक अडकवायला बांधलेला, वायररोप ढिला. हातानं दाबला तर कमरेइतका खाली येत होता. अशा दोरावर माणूस पडला तर ती सव्वासहा मीटरची बेरीज चुलीत. फोरमन म्हणाले, "मॅडम, कालपासून असाच आहे, सगळे काम करतायत." मी म्हटलं, "ताणून द्या, मग उतरते." धीटपणानं म्हटलं नाही; मला उतरायचंच नव्हतं आणि हे चांगलं निमित्त होतं. दोर ताणायला, क्लॅम्प बदलायला चाळीस मिनिटं गेली. काँक्रीटच्या गाड्या खाली उभ्या, फोनवर फोन. फोरमन माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. पण शटरिंगची सगळी पोरं तो दोर हातानं ओढून बघत होती, हेही मी बघितलं.

पोरं हुक मारत नाहीत म्हणून त्यांना दंड करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्यांना पैसे मिळतात चौरस मीटरवर. हुक काढ-घाल करण्यात वेळ जातो, तो वेळ बिलात कुठं धरलेला नसतो. मीच नऊ वर्षं बिलं केली आहेत, मला विचारा. आणि पुष्कळदा हुक मारायला जागाच नसते. उभ्या सळईला मारलेला हुक वरून निसटतो. कठडा, जाळं, झाकण हे आधी, बेल्ट शेवटी. साइटवर उलटं चालतं, कारण बेल्ट वाटल्याची सही घेता येते.

दोन-अडीच महिन्यांत वर जायची सवय झाली. भीती होइस्टमध्ये बसायची, पहिली पाच मिनिटं माझ्याबरोबर फिरायची, मग कोपऱ्यात जाऊन बसायची. त्या दोन महिन्यांत मी एकदाही हुक विसरले नाही. विसरणं शक्यच नव्हतं. सगळं अंग आठवण करून देत होतं.

आणि मग ते दुसऱ्या पोडियमचं, म्हणजे टॉवरखालच्या पसरट मजल्यांपैकी दुसऱ्याचं, झालं. दुपारी अडीचची वेळ, जेवण झालेलं, सावली, वारा नाही. चारी बाजूंनी भिंती उभ्या राहिलेल्या. दरी नाही, कडा नाही, आभाळसुद्धा नाही. वर तिसरा स्लॅब. बेल्ट मी खालीच टांगून आले होते. प्लंबिंगच्या स्लीव्ह मोजायच्या होत्या. ड्रॉइंगमध्ये सहा, मला पाच दिसत होत्या. सहावी कदाचित त्या प्लायखाली असेल. सिमेंटनं माखलेला, इतर भंगारासारखाच पडलेला चार बाय तीनचा प्लाय. मी वाकले, दोन्ही हातांनी त्याची कड धरली, उचलून पुढं सरकवायला एक पाऊल टाकलं.

प्लाय हातात असला की पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. माझा उजवा पाय गेला तो गेलाच. मांडीपर्यंत. हाताखाली प्लाय आडवा पडला आणि मी त्यावर पोटावर आपटले. डक्टच्या, म्हणजे पाइप वर-खाली न्यायच्या उभ्या पोकळीच्या, भोकात स्लॅबची सळई कापायची राहून गेली होती, एका बाजूच्या दोन सळया, म्हणून डावा पाय वर राहिला. त्या कुणी तरी आळस केला म्हणून राहिल्या होत्या. खिशातला फोन निसटला. त्याचा आवाज यायला वेळ लागला. मी तो आवाज ऐकला आणि मग घाबरले. तोपर्यंत, खरं सांगते, मला काहीही वाटलं नव्हतं.

हेल्परनं आणि एका गवंड्यानं काखेत हात घालून ओढलं. मांडीला सळईचा ओरखडा, सात टाके. कोपर सोललं. बस.

संध्याकाळी सेफ्टी ऑफिसरच्या केबिनमध्ये नियर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, फॉर्म भरायला बसले. वेळ, जागा, काय करत होता. एक रकाना होता: 'काम उंचीवरचं होतं का?' मी 'नाही' वर खूण केली. ते बघत होते. साताऱ्याकडचे आहेत, कमी बोलतात. पेन माझ्या हातातून घेतला, माझी खूण खोडली, 'हो' वर केली आणि म्हणाले, "मॅडम, खाली बेसमेंट दोनपर्यंत डक्ट मोकळाय. चौदा मीटर."

चौदा मीटर. बाविसाव्या मजल्यावर बाहेरच्या ब्रॅकेटला पाच मीटर खाली जाळं होतं. इथं काहीच नव्हतं. आणि मी तिथं गाणं गुणगुणत गेले होते.

रात्री झोप लागेना तेव्हा आजीची ती पालथी पाटी आठवली. निदान पाटी पाटीसारखी दिसायची. कुणी ती सिमेंटनं माखून ठेवली नव्हती.

त्यानंतर मी साइटवरची, आणि आसपासच्याही, माझ्या कानावर आलेली पडझड मनाशी आठवून बघितली. गगनचुंबी कडेवरून पडलेला एक होता. बाकीचे घोडीवरून, म्हणजे त्या दोन-तीन फुटांच्या तिकाटण्यावरून, शिडीवरून, लिफ्टच्या भोकातून, सिमेंटच्या पत्र्यातून. सोलापूरला आमच्या गल्लीतले एक काका पावसाळ्यापूर्वी यंत्रमागाच्या शेडवर गळती बघायला चढले आणि पत्र्यासकट खाली मागावर आले. पत्र्यावर फळी टाकून, फळीवरूनच चालायचं असतं. फळी शेडमध्येच पडून होती. दोन मीटरवरून खाली यायला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही, आणि त्या वेळात सावरून घ्यायला हात पुढं येईपर्यंत डोकं पोचलेलं असतं.

आमच्या आईला हे सांगितलं, तेव्हा ती पलंगावर स्टूल ठेवून दिवाळीसाठी पंखा पुसत होती. "मी काय तुझ्यासारखी विसाव्या मजल्यावर आहे का?" म्हणाली. मी स्टूल धरून उभी राहिले. दुसरं काय करणार?

साइटवर पुढच्या आठवड्यात सगळ्या भोकांची मोजणी झाली. चौऱ्याऐंशी निघाली. एकोणतीस झाकणं नुसतीच टेकवलेली होती. आता प्रत्येकाला खालून लाकडी ठोकळे आहेत, म्हणजे झाकण सरकत नाही. वरून पिवळा रंग आणि त्यावर मराठी, हिंदी, बंगालीत 'खाली भोक आहे'. बंगाली त्या मालद्याच्या पोरानं लिहिलं. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. प्लाय उचलायचा असेल तर आडवं उभं राहून, आपल्याकडं ओढत उचलायचा, पुढं ढकलत नाही, हे मी रोज सकाळच्या पाच मिनिटांच्या बैठकीत सांगते. पोरांना आता ते पाठ झालंय. माझ्या आधी तेच म्हणतात आणि हसतात.

गेल्या महिन्यात पासाची मुदत संपली. परत तोच कंटेनर, तीच पिवळी रेघ, जरा झिजलेली. डॉक्टर नवीन होत्या. बीपी १३६. मी रेघेवरून चालले, डोळे मिटून उभी राहिले. फॉर्मच्या शेवटच्या प्रश्नापुढं या वेळीही 'हो' लिहिलं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"हो? कशाकशाची?"

मी सांगायला सुरुवात केली. त्या रकान्यात लिहायला जागा एका शब्दाचीच होती, म्हणून त्यांनी कागद उलटा केला.